‘आर’ संगणकभाषेतील ‘डू.कॉल’ : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

‘आर’ ही सांख्यिकीय विश्लेषणासाठी जगभर वापरली जाणारी मुक्त संगणकभाषा आहे. या भाषेत लिस्टमध्ये साठविलेले घटक एखाद्या फंक्शनला स्वतंत्र आर्ग्युमेंट म्हणून पुरविण्याचे काम ‘डू.कॉल’ हे फंक्शन करते. प्रस्तुत लेखात या फंक्शनचे स्वरूप, गुण आणि मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. डू.कॉल हे उपयुक्त व आवश्यक साधन आहे. परंतु ज्या फंक्शनला ते हाक देते, त्या फंक्शनची रचना ठाऊक नसेल तर ते कोणतीही सूचना न देता चुकीचे उत्तर देऊ शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे. संशोधनासाठी ‘आर’ वापरणाऱ्या सर्व विद्याशाखांतील अध्यापकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

बीजसंज्ञा : आर, लिस्ट, फंक्शन, आर्ग्युमेंट, डू.कॉल, सांख्यिकीचे अध्यापन.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने भूगोल विभागातील एका सहकाऱ्यांना पर्जन्यमानाच्या आकडेवारीचे विश्लेषण करून दिले. बारा महिन्यांच्या बारा फायली होत्या. प्रत्येक फाईल वाचून त्या महिन्याचा एकूण पाऊस काढला, तेव्हा बारा आकड्यांची एक लिस्ट तयार झाली. त्या लिस्टवरून वर्षाची बेरीज काढली, ती बरोबर आली. सर्वाधिक पावसाचा महिना काढला, तोही बरोबर आला. त्याच पद्धतीने मासिक सरासरी काढली, ती शून्य मिलिमीटर आली. संगणकाने चूक दाखविली नव्हती, इशाराही दिला नव्हता. तक्ता तसाच सहकाऱ्यांच्या हाती गेला. त्यांनी तो पाहिला आणि विचारले, “सर, मग पावसाळा गेला कुठे?”

शोध घेतल्यावर असे आढळले की, संगणकाने बारा महिन्यांची सरासरी काढलीच नव्हती. त्याने फक्त जानेवारीचा आकडा घेतला होता आणि उरलेले अकरा आकडे निराळ्याच कामासाठी वापरले होते किंवा सोडून दिले होते. जानेवारीत पाऊस नव्हता, म्हणून उत्तर शून्य आले. उत्तर हास्यास्पद होते म्हणूनच चूक सापडली. तेथे पावसाऐवजी विद्यार्थ्यांचे गुण किंवा कुटुंबांचे उत्पन्न असते, तर पहिल्या विद्यार्थ्याचे गुण संपूर्ण वर्गाची सरासरी म्हणून छापले गेले असते आणि कोणालाही शंका आली नसती. ही चूक लेखकाची स्वतःची होती. परंतु ती का घडली, याचा विचार करताना डू.कॉल या फंक्शनच्या रचनेकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक वाटले. प्रस्तुत लेख हा त्या विचाराचा परिपाक होय.

एखाद्या कवितेची किंवा कादंबरीची समीक्षा होते, तशी संगणकभाषेतील एका फंक्शनची समीक्षा करता येते का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. संगणकभाषा हीदेखील माणसांनी घडविलेली रचना आहे. तिच्यातील प्रत्येक फंक्शनमागे कोणी तरी घेतलेले निर्णय आहेत. त्या निर्णयांचे गुणदोष तपासणे ही समीक्षाच होय. वाचनाच्या सोयीसाठी सर्व आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर त्या रोमन लिपीत लिहावयाच्या असतात.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘आर’चे मूळ ‘एस’ या भाषेत आहे. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून ‘एस’ विकसित केली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन सांख्यिकी अध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘आर’ची निर्मिती केली. १९९६ मध्ये त्यांनी या भाषेचा परिचय करून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २९ फेब्रुवारी २००० रोजी ‘आर’ची १.०.० ही आवृत्ती प्रकाशित झाली.

‘आर’चे बाह्य रूप ‘एस’सारखे आहे, परंतु तिच्या अंतरंगावर ‘स्कीम’ या भाषेचा प्रभाव आहे. ‘स्कीम’ ही ‘लिस्प’ कुळातील भाषा होय. ‘लिस्प’चे जनक जॉन मॅकार्थी यांनी १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘अप्लाय’ नावाचे फंक्शन मांडले होते. एखादे फंक्शन आणि आर्ग्युमेंटांची यादी या दोन गोष्टी देऊन ते फंक्शन चालविणे, ही त्यातील कल्पना. डू.कॉल हे याच कल्पनेचे ‘एस’ व ‘आर’ परंपरेतील रूप आहे. ‘आर’मधील डू.कॉलच्या मदतपृष्ठावर बेकर, चेंबर्स व विल्क्स यांच्या १९८८ मधील ‘एस’विषयक ग्रंथाचा संदर्भ आहे. म्हणजेच हे फंक्शन ‘आर’ने वारशाने घेतलेले आहे, आणि वारशाबरोबर गुणांप्रमाणे दोषही येतात.

३. डू.कॉलचे स्वरूप

‘आर’मध्ये लिस्ट म्हणजे एक गाठोडे होय. त्यात संख्या, शब्द, संपूर्ण तक्ते, इतकेच नव्हे तर दुसरी गाठोडीही ठेवता येतात. गाठोडे एखाद्या फंक्शनला दिले की, फंक्शनच्या दृष्टीने ती एकच वस्तू असते. ‘सम’ म्हणजे बेरजेच्या फंक्शनला ४२, ५५, ६१ व ७० हे आकडे सुटे दिले तर २२८ हे उत्तर मिळते. तेच आकडे लिस्टमध्ये बांधून दिले तर ‘सम’ बेरीज करण्यास नकार देते, कारण लिस्टची बेरीज कशी करावी हे त्याला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण तिची बेरीज होत नाही.

येथे डू.कॉल उपयोगी पडते. त्याला मुख्यतः दोन गोष्टी द्याव्या लागतात : फंक्शन आणि लिस्ट. डू.कॉल(सम, लिस्ट(४२, ५५, ६१, ७०)) अशी आज्ञा दिली की, ते गाठोडे सोडते, प्रत्येक घटक सुटा करते आणि सम(४२, ५५, ६१, ७०) अशी हाक स्वतः रचून चालविते. उत्तर २२८ येते. दुसरी वस्तू लिस्टच असावी लागते. साधा व्हेक्टर दिला तर डू.कॉल चूक दाखवून थांबते.

मराठीच्या अध्यापकांना हे समासाच्या दृष्टान्ताने चटकन कळेल. लिस्ट हा सामासिक शब्द मानला, तर डू.कॉल त्याचा विग्रह करते. ‘आईवडील’ हे एक पद. ‘आई आणि वडील’ ही दोन पदे. विग्रहानंतर प्रत्येक पदाचे वाक्यातील स्थान ठरवावे लागते, आणि खरा प्रश्न तेथेच निर्माण होतो.

सुटे झालेले घटक फंक्शनमध्ये कोठे बसतात, याचे ‘आर’चे नियम तीन पायऱ्यांचे आहेत. ज्या घटकाला नाव आहे, त्याचे नाव फंक्शनच्या आर्ग्युमेंटच्या नावाशी तंतोतंत जुळते का, हे प्रथम पाहिले जाते. नंतर नावाचा आरंभीचा भाग जुळतो का, हे पाहिले जाते. शेवटी, निनावी घटक उरलेल्या जागी क्रमाने बसविले जातात. फंक्शनच्या व्याख्येत तीन टिंबांची जागा असेल तर न जुळलेले सारे घटक तिच्यात जमा होतात, आणि त्या टिंबांनंतर येणारी आर्ग्युमेंटे फक्त पूर्ण नावानेच जुळतात.

या नियमांचे साम्य विभक्तीशी आहे. ‘शिक्षकाने विद्यार्थ्याला पुस्तक दिले’ या वाक्यातील पदे मागेपुढे केली तरी अर्थ बदलत नाही, कारण कोणी कोणाला दिले हे प्रत्यय सांगतात. नाव असलेले आर्ग्युमेंट हे प्रत्यय लागलेल्या पदासारखे असते. उदाहरणार्थ, ‘सीक्वेन्स’ तयार करणाऱ्या ‘सेक’ या फंक्शनला डू.कॉलमार्फत बाय ५, टू २०, फ्रॉम १० अशी नावांची लिस्ट उलट्या क्रमाने दिली, तरी १०, १५, २० हेच उत्तर मिळते. तीच लिस्ट नावे काढून ५, २०, १० अशी दिली की, ५ पासून २० पर्यंत १० च्या अंतराने मोजणी होते आणि ५, १५ हे उत्तर येते. प्रत्यय गळाले, की क्रमच अर्थ ठरवितो.

४. डू.कॉलचे गुण

डू.कॉलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे आर्ग्युमेंटांची संख्या आधी माहीत नसतानाही फंक्शन चालविता येते. एखाद्या फोल्डरमध्ये १२ फायली आहेत की ३६, हे आज्ञा लिहिताना ठाऊक असण्याची गरज नाही. ‘एल-अप्लाय’ने सर्व फायली वाचल्या की तक्त्यांची लिस्ट मिळते आणि डू.कॉल(आर-बाइंड, तक्ते) या एका ओळीत ते सारे तक्ते एकाखाली एक जोडले जातात. क्षेत्रीय सर्वेक्षणाची आकडेवारी गावनिहाय फायलींत गोळा करणाऱ्या संशोधकाचे कित्येक तासांचे काम या एका ओळीने वाचते. हाताने नकलून चिकटविताना होणाऱ्या चुकाही टळतात.

दुसरा गुण असा की, ‘आर’मधील डेटा फ्रेम ही मुळात स्तंभांची लिस्ट असते. त्यामुळे डू.कॉल तिच्यावरही चालते. गाव, तालुका आणि जिल्हा असे तीन स्तंभ असलेला तक्ता ‘पेस्ट’ या फंक्शनला डू.कॉलमार्फत दिला, तर तिन्ही स्तंभ सुटे होऊन प्रत्येक ओळीचा एक जोडशब्द तयार होतो. स्तंभ तीन असोत वा तेरा, आज्ञा तीच राहते. भाषेच्या दोन स्वतंत्र कल्पना येथे एकमेकींना नेमक्या जुळतात.

तिसरा गुण म्हणजे आर्ग्युमेंटांनाच माहितीचे रूप मिळते. आलेखाचा रंग, अक्षरांचा आकार, अक्षांच्या मर्यादा ही सर्व मांडणी एका लिस्टमध्ये एकदाच लिहून ठेवता येते आणि प्रत्येक आलेखाच्या वेळी ती डू.कॉलमार्फत पुरविता येते. प्रबंधातील पन्नास आलेख एकसारखे दिसण्यासाठी पन्नास वेळा तेच लिहावे लागत नाही. बदल करावयाचा झाल्यास एकाच ठिकाणी करावा लागतो.

५. डू.कॉलच्या मर्यादा

५.१ मूक चूक

प्रस्तावनेतील प्रसंगाचे मूळ येथे आहे. वर घेतलेले ४२, ५५, ६१ व ७० हे चार गुण निनावी लिस्टमध्ये ठेवून डू.कॉलमार्फत निरनिराळ्या फंक्शनांना दिले असता पुढील परिणाम दिसतात.

‘सम’ २२८ देते आणि ‘मॅक्स’ ७० देते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

‘मीन’ म्हणजे सरासरीचे फंक्शन ४२ देते. खरी सरासरी ५७ आहे. ‘मीडियन’ म्हणजे मध्यकाचे फंक्शनही ४२ देते. खरा मध्यक ५८ आहे.

‘एसडी’ म्हणजे प्रमाण विचलनाचे फंक्शन अनावश्यक आर्ग्युमेंटे आल्याची चूक दाखवून थांबते.

एकच लिस्ट, एकच पद्धत आणि तीन प्रकारचे वर्तन. याचे कारण डू.कॉलमध्ये नसून त्या त्या फंक्शनच्या व्याख्येत आहे. ‘सम’ व ‘मॅक्स’ यांच्या व्याख्येचा आरंभच तीन टिंबांनी होतो. कितीही सुटे आकडे आले तरी ते सामावून घेतले जातात. ‘मीन’ मात्र आपली सर्व माहिती पहिल्या आर्ग्युमेंटमध्येच मागते. दुसरे आर्ग्युमेंट ‘ट्रिम’ आहे; आकड्यांच्या दोन्ही टोकांकडील किती भाग वगळावयाचा, हे ते सांगते. तिसरे आर्ग्युमेंट, गहाळ मूल्ये काढावयाची की नाहीत, हे सांगते. म्हणून ४२ ही माहिती ठरली, ५५ हे छाटणीचे प्रमाण ठरले, ६१ हे गहाळ मूल्यांविषयीचे आर्ग्युमेंट ठरले आणि ७० तीन टिंबांत जाऊन विस्मृतीत गेले. छाटणीचे प्रमाण अर्ध्यापेक्षा अधिक असेल तर ‘मीन’ मध्यक परत देते. एकट्या ४२ चा मध्यक ४२ च. पर्जन्यमानाच्या उदाहरणातही हेच घडले होते.

या तिन्ही वर्तनांत ‘एसडी’चे थांबणे संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत हितकारक आहे. चूक दाखविणारे साधन वैताग आणते, पण फसवीत नाही. ‘मीन’चे वर्तन मात्र घातक आहे, कारण उत्तर विश्वसनीय दिसते. ४२ ही वर्गाची सरासरी असू शकत नाही, असे आकड्याकडे पाहून कोणीही म्हणणार नाही.

लिस्टमधील घटकांना नावे असती तर ही चूक उघडी पडली असती, हेही नोंदविले पाहिजे. घटकांना विद्यार्थ्यांची किंवा महिन्यांची नावे दिली असती, तर त्यांपैकी एकही नाव ‘मीन’च्या आर्ग्युमेंटशी जुळले नसते. ते सर्व घटक तीन टिंबांत गेले असते आणि पहिले आर्ग्युमेंटच मिळाले नाही म्हणून संगणक थांबला असता. निनावी माहिती गैरसमजास अधिक वाव देते.

५.२ नावांचा गोंधळ

नावे असल्याने सर्व प्रश्न सुटतात, असे मात्र नाही. माहितीतील नाव आणि आर्ग्युमेंटचे नाव योगायोगाने सारखे निघाले तर नवा प्रश्न उभा राहतो. समजा, तक्त्याच्या स्तंभांना महिन्यांची इंग्रजी संक्षिप्त नावे लहान अक्षरांत दिली आहेत. त्यांत सप्टेंबरचा स्तंभ ‘सेप’ या नावाचा असेल. हा तक्ता डू.कॉलमार्फत ‘पेस्ट’ला दिला की, ‘सेप’ हा स्तंभ जोडावयाची माहिती न राहता दोन शब्दांमधील विभाजक म्हणून घेतला जातो. कारण ‘पेस्ट’च्या विभाजकाचे आर्ग्युमेंट याच नावाचे आहे. बहुधा अयोग्य विभाजक आल्याची चूक दिसते आणि काम थांबते. स्वतंत्र विभाजकही दिला असेल तर एकच आर्ग्युमेंट दोनदा आल्याची तक्रार येते. परंतु आपण कोणतीही गफलत केलेली नसताना फक्त सप्टेंबरमुळे आज्ञा का अडली, हे नवशिक्या विद्यार्थ्याला उलगडत नाही.

येथे एक तात्त्विक दोष दिसतो. लिस्टमधील नाव हे माहितीचे लेबल आहे की फंक्शनला दिलेली सूचना आहे, हे सांगण्याची सोय डू.कॉलमध्ये नाही. ते प्रत्येक नावाला सूचना मानते. उपाय साधा आहे : नावांचे काम नसेल तेथे ‘अननेम’ने ती आधी काढून टाकावीत. पण हा उपाय ‘मीन’सारख्या फंक्शनच्या बाबतीत पहिल्या दोषाकडे परत नेतो. म्हणून कोणते फंक्शन बोलाविले जात आहे, हे पाहिल्याशिवाय कोणताही सरसकट नियम सांगता येत नाही.

५.३ मूळ नावाचा लोप

‘आर’चे एक वैशिष्ट्य असे की, फंक्शनला आर्ग्युमेंटचे मूल्य मिळते, त्याबरोबरच ते मूल्य ज्या शब्दांत लिहिले होते ते शब्दही मिळतात. म्हणूनच आलेख काढताना अक्षांवर चलांची नावे आपोआप उमटतात आणि प्रतिगमनाच्या निष्कर्षात कोणता तक्ता वापरला, हे छापले जाते. डू.कॉलने गाठोडे सोडेपर्यंत मूल्ये निश्चित झालेली असतात. मूळ शब्द मागे राहतात. त्यामुळे डू.कॉलमार्फत ‘प्लॉट’ला दोन व्हेक्टर दिले तर अक्षांवर ‘उत्पन्न’ व ‘खर्च’ यांसारखी चलांची नावे येण्याऐवजी आकड्यांची लांबलचक माळ उमटते. ‘एलएम’ या प्रतिगमनाच्या फंक्शनला तक्ता अशा रीतीने दिला तर निष्कर्षाच्या आरंभी संपूर्ण तक्ता छापला जातो. फंक्शन नावाऐवजी वस्तू म्हणून दिले असेल तर त्याची संपूर्ण संहिताही छापली जाते.

फंक्शनचे नाव अवतरणचिन्हांत देणे आणि तक्त्याऐवजी ‘कोट’ वापरून त्याचे नाव लिस्टमध्ये ठेवणे, हा यावरील उपाय आहे. या बाबतीत अधिकृत मदतपृष्ठाचा प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो. ‘सब्स्टिट्यूट’सारख्या काही फंक्शनांचे वर्तन डू.कॉलमधून निराळे असू शकते, त्याचा नेमका अर्थ निश्चित केलेला नाही आणि तो बदलू शकतो, असे तेथे नमूद आहे. तथापि, ज्याला या सूचनेची सर्वाधिक गरज आहे, तो नवशिक्या वाचक मदतपृष्ठातील या ओळीपर्यंत क्वचितच पोहोचतो.

६. अन्य संगणकभाषांशी तुलना

पायथन या भाषेत प्रारंभी ‘अप्लाय’ नावाचे फंक्शन होते. २००० च्या सुमारास तिच्यात तारांकनाची पद्धत आली. लिस्टच्या आधी एक तारांकन लिहिले की तिचे घटक क्रमाने सुटे होतात. नावांसह साठविलेल्या कोशाच्या आधी दोन तारांकने लिहिली की नावांनुसार सुटे होतात. त्यामुळे ‘अप्लाय’ची गरज उरली नाही आणि २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या ३.० आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. जावास्क्रिप्टमध्येही २०१५ च्या मानकाने लिस्टच्या आधी तीन टिंबे देऊन ती पसरविण्याची सोय केली.

या तुलनेतून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे पायथनमध्ये क्रमाने सोडणे आणि नावाने सोडणे या दोन क्रिया वेगवेगळ्या चिन्हांनी दाखविल्या जातात. त्यामुळे आपण काय करीत आहोत, हे लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला दिसते. डू.कॉल या दोन्ही क्रिया एकाच नावाखाली झाकते. दुसरी गोष्ट म्हणजे चिन्ह वापरले की काही घटक सुटे आणि काही थेट, अशी मिश्र हाक नैसर्गिकपणे लिहिता येते. डू.कॉलमध्ये त्यासाठी आधी ‘सी’ने एक नवी लिस्ट जोडून घ्यावी लागते.

‘आर’च्या मूळ भाषेत असे चिन्ह नाही. ‘आर-लँग’ या पॅकेजने तीन उद्गारचिन्हांची पद्धत आणली आहे, परंतु ती स्वीकारण्यासाठी मुद्दाम घडविलेल्या फंक्शनांतच ती चालते. ‘पर’ या पॅकेजने ‘लिफ्ट’ नावाने वेगळी सोय दिली होती; २०२२ मधील १.० आवृत्तीत तिचा वापर टाळावा, असे जाहीर करण्यात आले. डू.कॉल मात्र टिकून आहे. जुना संहिताग्रंथ आजही चालावा, हे ‘आर’च्या जडणघडणीतील एक मूल्य आहे आणि त्याची किंमत अशा जुन्या रचनांच्या रूपाने मोजावी लागते.

७. पर्यायांचा विचार

डू.कॉलचा दोष दाखविला म्हणून ते सोडून द्यावे, असे नाही. ते कोठे वापरू नये, हे ओळखणे महत्त्वाचे आहे.

लिस्टमध्ये एकाच प्रकारचे आकडे असतील आणि फंक्शनला एक व्हेक्टर हवा असेल, तर ‘अनलिस्ट’ हा योग्य मार्ग होय. मीन(अनलिस्ट(गुण)) ही आज्ञा ५७ हे बरोबर उत्तर देते. मात्र लिस्टमध्ये आकड्यांबरोबर एखादा शब्द असेल तर ‘अनलिस्ट’ सर्वच आकड्यांचे शब्दांत रूपांतर करते, हे विसरता कामा नये.

फंक्शन एका वेळी दोनच वस्तू घेत असेल, तर ‘रिड्यूस’ वापरावे. सामाईक स्तंभावरून तक्ते जोडणारे ‘मर्ज’ हे अशा प्रकारचे फंक्शन आहे. त्याला डू.कॉलमार्फत तीन निनावी तक्ते दिले तर तिसऱ्या तक्त्याला ते जोडणीच्या स्तंभाची सूचना समजते आणि आज्ञा अडते. ‘रिड्यूस’ पहिले दोन तक्ते जोडते आणि आलेल्या तक्त्याला तिसरा जोडते. याउलट, एकाखाली एक तक्ते रचण्यासाठी ‘रिड्यूस’ योग्य नाही, कारण प्रत्येक पायरीला आतापर्यंतच्या साऱ्या ओळी पुन्हा नकलल्या जातात. तेथे डू.कॉल सरस ठरते. तक्ते फार मोठे असतील तर ‘डेटा.टेबल’ पॅकेजमधील ‘आर-बाइंड-लिस्ट’ किंवा ‘डी-प्लायर’मधील ‘बाइंड-रोज’ ही फंक्शने लिस्ट थेट स्वीकारतात आणि वेगाने काम करतात.

‘आर-बाइंड’च्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. लिस्टमधील एखादा घटक रिकामा असेल, तर तो कोणतीही तक्रार न करता वगळला जातो. एखाद्या महिन्याची फाईल वाचली गेली नाही आणि तिच्या जागी रिक्त मूल्य आले, तर अकरा महिन्यांचाच तक्ता वर्षाचा तक्ता म्हणून पुढे जाईल. म्हणून जोडणीपूर्वी व जोडणीनंतर ओळींची संख्या पडताळून पाहावी.

८. अध्यापनविषयक विचार

पदवी व पदव्युत्तर वर्गांत ‘आर’ शिकविताना डू.कॉल बहुधा तयार आज्ञा म्हणून सांगितले जाते. ‘तक्ते जोडावयाचे असतील तर ही ओळ लिहा’ एवढेच विद्यार्थ्याच्या वहीत उतरते. ओळ चालते, म्हणून ती समजली असे मानले जाते. प्रस्तुत लेखकही काही वर्षे असेच शिकवीत होता आणि त्याचेच फळ प्रस्तावनेत सांगितले आहे.

आता वर्गात डू.कॉलची सुरुवात ‘सम’, ‘मीन’ आणि ‘एसडी’ या तीन उदाहरणांनी केली जाते. विद्यार्थी प्रथम चारही गुणांची सरासरी वहीत हाताने काढतात आणि मग संगणकाचे उत्तर पाहतात. ५७ आणि ४२ यांतील फरक समोर आला की, ‘हे असे का?’ हा प्रश्न वर्गातूनच येतो. त्यानंतर डू.कॉल वापरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावली जाते. हे फंक्शन सुटे घटक घेते की एकच व्हेक्टर? लिस्टमधील नावे फंक्शनच्या आर्ग्युमेंटांशी जुळतात का, आणि ती जुळावीत अशी आपली इच्छा आहे का? डू.कॉल जी हाक रचणार आहे, ती मला पूर्ण लिहून दाखविता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती ओळ अद्याप आपली झालेली नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ‘आर्ग्ज’ हे फंक्शन पुरेसे आहे. ते कोणत्याही फंक्शनच्या आर्ग्युमेंटांची यादी दाखविते. ‘मीन’च्या बाबतीत मात्र ‘मीन.डिफॉल्ट’ची यादी पाहावी लागते, कारण ‘मीन’ हे वरवरचे प्रवेशद्वार आहे आणि ‘ट्रिम’ आतल्या दालनात आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) डू.कॉल हे लिस्ट आणि फंक्शन यांना जोडणारे आवश्यक साधन आहे. आर्ग्युमेंटांची संख्या अनिश्चित असताना त्याला ‘आर’च्या मूळ भाषेत तुल्यबळ पर्याय नाही.

२) डू.कॉलचे यश हे त्याने बोलाविलेल्या फंक्शनच्या व्याख्येवर अवलंबून असते. ‘सम’ व ‘मीन’ यांच्या व्याख्यांतील विसंगती हा ‘आर’च्या रचनेतील दोष असून डू.कॉल तो दोष ठळक करते.

३) क्रमाने सोडणे आणि नावाने सोडणे या दोन क्रिया एकाच फंक्शनमध्ये झाकल्या गेल्यामुळे गैरसमजास वाव राहतो. पायथनची चिन्हपद्धती या बाबतीत अधिक स्पष्ट आहे.

४) डू.कॉलमधून जाताना आर्ग्युमेंटांचे मूळ शब्द लोप पावतात, त्यामुळे आलेख व प्रतिगमनाचे निष्कर्ष वाचताना अडचण येते.

५) ‘आर’ शिकविताना तयार ओळ देण्यापेक्षा ती ओळ कोणती हाक रचते, हे शिकविणे आवश्यक आहे.

भूगोलाच्या सहकाऱ्यांना पडलेला प्रश्न योग्य होता, आणि तो विचारण्यासाठी त्यांना ‘आर’ येण्याची गरज नव्हती. आपल्या विषयातील आकडा कसा असावयास हवा, याची त्यांना जाण होती. संगणकाने दिलेल्या उत्तराची शेवटची पडताळणी विषयाच्या ज्ञानातूनच होते, आणि ती जबाबदारी कोणत्याही फंक्शनवर सोपविता येणार नाही.